काजळीचा दिवा

फिआक्रा,

गाडीतला, धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साचल्याचा पिवळा दिवा परत लागलाय. डिझेलमध्ये तू काजळी काढायच्या औषधाची दुसरी बाटली ओतलीस, तिनंही काही झालं नाही. गॅरेजवाला मॉसी हसलाच. "पोरी, औषधानं काय होतंय? पाळणाघर ते दुकान एवढंच फिरवलंस तर गाडी गुदमरणारच. मोटरवेवर पळव की तिला, तापली की काजळी आपोआप जळून जाते!"

तू म्हणशील, तिसरी बाटली आणतो, लांब जायचं काय अडलंय. म्हणून न विचारताच निघतेय. छोट्या सायव्हला नेतेय, तिचं जाड जॅकेट घेतलंय. सूप गरम करून घे.

किलोमीटर तू बघतोसच, म्हणून आधीच सांगते. मॉसी म्हणतो, अ‍ॅथलोन येईपर्यंत दिवा विझेल. मी मात्र तिथून पुढे गॉलवेला, ताईकडे जाणार आहे.

ग्रॉन्या