जिथं ती उभी होती

गुरुवार, ५ डिसेंबर

आज माझ्यासोबत या घरी आलं ते असं : लोखंडी पेटी एक, शिलाई मशीन, स्टीलचे डबे अकरा (मोठ्याला झाकण नाही), देवीचा मुखवटा, कहाणीची पोथी. टेम्पोचं भाडं वडनेर भोलजी ते लोणार चोवीसशे, वर ड्रायव्हरचा चहा-फराळ माझ्याच डोक्यावर. हार, मुंडावळ्या, भटजी मिळून एकवीसशे. सासरकडून साडी एक. किमतीची चिठ्ठी यांनी काढली होती, पण डिंकाचा डाग राहिला. बाराशेच्या वर नाही. आणि चांदीचा टाक एक, काळ्या दोऱ्यात ओवलेला. त्याची किंमत लिहीत नाही.

टाक सवतीचा, पत्र्यावर तिची मूर्ती ठसवलेला. रेवती तिचं नाव. तापानं गेली त्याला सहा वर्षं झाली. दुजवराला दिलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात बांधायचा, जेवताना पहिला घास तिच्या नावानं काढायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवून मग नेसायचं. सासूबाईंनी उंबऱ्यावरच दोरा बांधला आणि म्हणाल्या, “थोरली हाय ती तुही. तिले घरात जागा दिली की तुले काही कमी पडत नाही.”

मी हो म्हटलं. अडतिसाव्या वर्षी स्वतःचं घर मिळालं, एक घास काढायला काय जातं?

घर छान आहे. पुढं यांचा फोटो स्टुडिओ, मागं दोन खोल्या, परसात शेवगा. मार्गशीर्षाचा पहिला गुरुवार, म्हणून आल्या आल्या घट मांडला. निघताना धाकटी राखी म्हणाली होती, ताई, आता तरी तोंड उघडून हस. तिला काय जातं. माझे दात पुढं आहेत, मी फोटोत ओठ मिटूनच बसते.

शनिवार, ७ डिसेंबर

यांना मोठं काम मिळालं आहे. वामनराव म्हणून लॉजवाले आहेत, त्यांना लोणारच्या बारा जागांचे जुने आणि आजचे फोटो जोडीनं फ्रेम करून जिन्यात लावायचेत. जुने यांनीच काढलेले, पहिलं लग्न झालं त्या वर्षी, रोलच्या कॅमेऱ्यावर. दुपारी टेबलावर मांडून दाखवले. स्टँडवरचा निंब, आता तोडलेला. तळ्यावरच्या झऱ्याच्या, धारेच्या जुन्या पायऱ्या. कौलारू पोस्ट आणि बाहेर लाल पेटी. तिथं आता शटरची दुकानं आहेत. तळ्याकाठचं देवीचं देऊळ, तेव्हा पाणी किती लांब होतं.

आणि प्रत्येक फोटोत रेवती. माणूस उभं असलं की झाडाची, कमानीची उंची कळते, असं यांचं म्हणणं. उंची कळायला हसावं लागतं का? बाराही फोटोंत हसते आहे, दातांची ओळ सरळ, जशी मोगऱ्याची वेणी. पोस्टाच्या पेटीला टेकून एवढं हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

आता त्या जागी मी उभं राहायचं आहे.

रविवार, ८ डिसेंबर

पहिला फोटो स्टँडवर झाला. निंब होता तिथं मोबाइलचं दुकान आहे. यांनी एका हातात जुना फोटो धरला, दुसऱ्या हातानं मला हलवत राहिले. डावीकडं, अजून, आता अर्धं पाऊल मागं. हाव, तिथंच, तिथंच उभी होती ती. भिंतीवरची तसबीर सरळ करावी तसं. समोरचा चहावाला ओरडला, “काय नीळकंठभाऊ, नव्या वहिनीले जुन्याच जागेवर उभी केली का बे!” सगळे हसले. हेही हसले. मला हस म्हणून कोणी सांगितलं नाही. सरळ उभी राहा, एवढंच सांगितलं.

गुरुवार, १२ डिसेंबर

दुसरा गुरुवार. फोटोत बरं दिसावं म्हणून यांनी मोरपंखी साडी आणली, आठशे पन्नास. घडी मोडणार तोच सासूबाईंनी हात धरला. आधी तिले दाव. टाक गळ्यातून काढून पाटावर ठेवला, साडी त्याच्यापुढं, तिच्यावर हळदकुंकू. मी बाजूला उभी, रेशनच्या रांगेत असल्यासारखी. नंतर खिरीची पहिली वाटीही तिलाच.

हेही तिथंच होते. टाकाकडं बघून त्यांचे डोळे मऊ झाले. ते डोळे मी अजून माझ्यावर पाहिले नाहीत.

जेवायला ती पहिली, नेसायला ती पहिली, फोटोत ती पहिली. मी काय या घरात उष्ट्यावर आले? देवीपुढं असं लिहू नये. पण लिहिलं.

शनिवार, १४ डिसेंबर

धारेवर फोटो घेतला. पायऱ्या ओल्या होत्या. हे कॅमेऱ्यातून बघत म्हणाले, “रेवती, पदर सांभाळ.” त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

आणि मी पदर सांभाळला. तेच जास्त लागलं.

मंगळवार, १७ डिसेंबर

लग्नातली जोडवी तारेसारखी पातळ, दोन आठवड्यांत वाकली. काल बाजारात सोनाराकडं गेले आणि टाक त्याच्यापुढं ठेवला, म्हटलं याची जोडवी घडवा. तो टाकाला हात लावीना. म्हणाला, बाई, टाक कोणी मोडीत घालत नसते, घरच्यायले इचारलं का? मी म्हटलं, सासूबाईंनी माझ्या गळ्यात बांधला, म्हणजे माझाच झाला. यात खोटं काही नाही.

आज जोडवी मिळाली. चांदी घरचीच, मजुरी तेवढी साडेतीनशे. काळ्या दोऱ्यात एक रुपयाचं नाणं फडक्यात शिवून अडकवलं आहे, पोलक्याच्या आत कोण बघतं? आज घासही काढला नाही. पोळी गरम असताना पहिला तुकडा मी खाल्ला. किती दिवसांनी अन्नाला चव आली.

जोडवी बोटांत अशी बसली की जणू माप देऊनच घडवली होती.

बुधवार, १८ डिसेंबर

आज गावातल्या देवळाच्या कमानीपाशी यांना मला हलवावं लागलं नाही. मी रस्त्यानं चालत गेले आणि पाय आपोआप थांबले. यांनी जुना फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. म्हणाले, “अरे वा. बोटभरही फरक नाही.” पहिल्यांदा शाबासकी मिळाली. घरी येईपर्यंत मी हलकी होते.

गुरुवार, १९ डिसेंबर

तिसरा गुरुवार. देवी पावली.

सकाळी हे फ्रेमसाठी जुने फोटो काढायला बसले आणि एक फोटो घेऊन खिडकीशी गेले. स्टँडच्या फोटोत निंब आहे, खालचा बाक आहे, रेवती नाही. डाग नाही, खाडाखोड नाही. ती उभी होती तिथून मागची भिंत दिसते. यांनी निगेटिव्ह काढून उजेडात धरली. तिच्यातही नाही. दुसऱ्या रोलमधला असेल, असं पुटपुटत पेटी उपसत बसले.

मी देवीपुढं साखर ठेवली, अर्धी वाटी, हात सैल सोडून.

शनिवार, २१ डिसेंबर

कमानीच्या फोटोतून गेली. धारेवरून गेली. पोस्टाची पेटी एकटीच उभी आहे.

हे दोन दिवस धड जेवले नाहीत. रात्रीचं वरण तसंच. सहा वर्षांपूर्वी माणूस गेलं, आता कागदावरून गेलं तर एवढं? मी मेले तर यांच्या पानात एक घास तरी उरेल का? सासूबाईंनी विचारलं, टाक आहे ना गळ्यात? मी पोलक्यावरून दोरा चाचपून दाखवला.

रविवार, २२ डिसेंबर

आज नवे फोटो कॉम्प्युटरवर पाहिले. यांनी हाक मारून बोलावलं, कितीतरी दिवसांनी खुशीत होते. बघ, किती छान हसलीस, म्हणाले.

साडी माझी. मोरपंखी, काठावरचा टिपेचा दोष माझ्याच हाताचा. पायात माझी जोडवी. पण ती बाई तोंड उघडून हसते आहे आणि दातांची ओळ सरळ आहे.

मी म्हटलं, ही मी नाही. यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही, पडद्याकडंच बघत राहिले — त्या डोळ्यांनी. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. “तूच तं हाय. काऊन घाबरून राह्यली?”

माझ्या वाटणीचं कौतुक. तेही तिनंच घेतलं.

सोमवार, २३ डिसेंबर

सोनाराकडं गेले. टाक पुन्हा घडवून द्या म्हटलं, लागेल ती मजुरी घ्या. तो म्हणाला, देतो की, चांदी आणा.

चांदी माझ्या पायात आहे. साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून पाहिला. बोट सुजलेलं नाही. जोडवं सैल आहे, गोल फिरतं. पण निघत नाही. सोनारानं पक्कड आणली आणि माझ्या तोंडाकडं बघून परत ठेवली. म्हणाला, बाई, तुम्ही हसून काऊन राह्यल्या?

मी हसत नव्हते.

गुरुवार, २६ डिसेंबर

उद्यापन. दिवसभर घरात होते, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. हे सकाळी तळ्याकाठच्या देवळाचा फोटो घ्यायला एकटे गेले. दुपारी आले, फोटो दाखवला. पाण्याच्या कडेला ती उभी. मोरपंखी साडीत. ती साडी त्या वेळी दोरीवर वाळत होती —

मी विचारलं, कोण आलं होतं सोबत? हे चिडले. म्हणाले, तूच तं होती. येताना तुले पेरू नाही घेऊन दिले?

फडताळात पेरूंची पिशवी आहे. एक चावलेला. दातांची ओळ सरळ. मला तर आज उपास.

संध्याकाळी सवाष्णी आल्या. शेजारच्या बाईनं मला कुंकू लावता लावता विचारलं, तुम्ही वडनेरच्या पाहुण्या का? अन् रेवती कुठं गेली?

शुक्रवार, २७ डिसेंबर

सासूबाईंच्या पाया पडून सगळं सांगितलं. टाक, सोनार, नाणं. त्या रागावल्या नाहीत. ते बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, “तिची जागा मोडली तू. मंग ती कुठं राहीन, बाई?”

जुने फोटो पाहिले. मोकळ्या जागी काहीतरी उमटतं आहे — फिकं, पाण्याच्या डागासारखं. स्टँडवर. धारेवर. एक बाई. ओठ मिटलेले.

शनिवार, २८ डिसेंबर, सकाळ

एकच फोटो राहिला आहे. जुन्या पोस्टाचा.

हे म्हणाले, तू नको येऊ, मी आणतो घेऊन. कुणाला घेऊन? मी घरी राहिले तर ती जाईल. मी गेले तर — तीच माझ्या पायांत आहे. तरी जाते. नवरा माझा आहे. देवाब्राह्मणांसमोर माझा झाला. ही हिशेबाची वही पिशवीत टाकली आहे, येताना भाजी घ्यायची. मेथी, वांगी —

शनिवार

पाय थांबले. शटरच्या दुकानापुढं, रस्त्याच्या कडेला. हे म्हणाले, हालू नको. कॅमेऱ्यामागून ते माझ्याकडं बघून हसले. माझ्याकडं. मीही — तोंड उघडून, दातांचा विचार न करता —

खट् आवाज झाला.

दुकानं नाहीत.

कौलं आहेत. समोर लाल पेटी. हे नाहीत, कॅमेरा नाही. ऊन आहे, पण ते सरकत नाही. झाडाचं पान हलत नाही. हाका मारल्या. रस्त्यावर एक सायकलवाला आहे, एक पाय पायडलवर, तसाच —

पायांकडं पाहिलं. जोडवी नाहीत. बोटांवर पांढरे वळ तेवढे.

शनिवारच

स्टँडपर्यंत चालत गेले. निंब आहे. बाकापाशी माझी उभं राहायची जागा मोकळी आहे. दुसरीकडं कुठं उभी राहिले की पाय दुखतात.

भूक लागते. कोणी घास काढत नाही —

आपल्या घराचं दार आहे. उघडत नाही. आतून वरणाच्या फोडणीचा वास. यांचा आवाज. आणि ती हसते आहे. हेही हसताहेत. एवढे तर कधी माझ्यासोबत —

पेटीचं झाकण मात्र हलतं. इथं तेवढंच हलतं. पानं फाडून टाकते आहे. राखी, पत्ता तुझा घालते, तिकीट नाही, पैसे तू भर.

राखी, लोणारला ये. वामनरावांच्या जिन्यात बघ, जोडीतला जुना फोटो. ओठ मिटलेली ती मी. घरात जी हसते तिला ताई म्हणू नको.

सासूबाईंना सांग, माझा टाक घडवा. माझ्या पेटीच्या तळाशी लग्नातली वाकलेली जोडवी आहेत, तेवढी चांदी पुरेल. लहान चालेल. त्या बाईच्या गळ्यात बांधा. पहिला घास नको, शेवटचा चालेल. खरवडलेला चालेल. साडी नुसती दाखवली तरी —

कोणीतरी माझा खांदा सरळ करतंय. डावीकडं. अजून. राखी, उशीर करू नको, टाक घडवला की उलट टपाली कळव, मी पेटीपाशीच उभी आहे, अर्धं पाऊल मा