बोर्डावर माझं नाव

१६ ऑक्टोबर, सोमवार
नवरात्र कालच बसलं. रोजनिशी काल सुरू करायची होती, पेन सापडलं नाही.

सकाळी मीटिंग. भीमराज सर म्हणाले, आपल्या गेटपास सॉफ्टवेअरच्या इश्यू ट्रॅकरचं पार भंगारचं गोडाऊन झालंय. चाकणच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी त्यात कशाही पडल्यात, खंडेनवमीच्या पूजेआधी लावून टाका. टीम लीडची जागा रिकामी आहे, हेही म्हणाले. आमच्याकडे पद्धत अशी की जो लीड होणार, त्याच्या हातून पूजेचा नारळ फुटतो.

हे बोलताना सर स्वप्नालीकडे बघत होते. मी ताबडतोब हात वर केला. तिनेही केला. निम्म्या तक्रारी मला, निम्म्या तिला. परवा आलेली पोरगी ही. कंपनी निगडीत पिठाच्या गिरणीवर होती तेव्हापासून मी आहे. नारळ माझाच.

१७ ऑक्टोबर
कामाला शिस्त हवी. आधी लेबलं, मग तक्रारी. दिवसभर रंग ठरवले. शेवटी नवरात्राचेच घेतले, ते सगळ्यांना पाठ असतात. सोमवारचा पांढरा सगळ्यात तातडीच्या तक्रारींना दिला.

स्वप्नालीने एकही लेबल लावलं नाही. नुसती फोनवर. दादा, तुमचा प्रॉब्लेम अजून आहे का, असं एकेकाला विचारत बसते. याला सिस्टीम म्हणत नाहीत.

१८ ऑक्टोबर
पांढऱ्या स्क्रीनवर पांढरं लेबल दिसत नाही. तातडीच्या तक्रारी सापडेनात. मॉनिटर जुना आहे, तसा सरांना मेल केला. उत्तर नाही. पण ग्रुपवर स्वप्नालीला टाळ्यांचे इमोजी टाकायला वेळ आहे. मीही एक अंगठा टाकला. मन मोठं लागतं.
दुपारी काढून घेतला.

१९ ऑक्टोबर, गुरुवार
चाकणच्या कारखान्यांसारखी आमचीही साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सुप्रियाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ती पोरगी कामं संपवत असेल, म्हणून कौतुक होतंय. बायकोने तरी बाजू घ्यावी! पिंपळे सौदागरच्या या आख्ख्या सोसायटीत मला समजून घेणारं कोणी नाही.
उद्यापासून धडाधड तक्रारी बंद करणार. झोप काढली.

२० ऑक्टोबर
गेनूभाऊंचा फोन. चाकणच्या एका कारखान्याच्या गेटवर असतात. म्हणाले, पास निगंना, गाडी खोळंबलीया, स्वप्नालीताईंना द्या. म्हटलं, मी सीनियर आहे, मला सांगा. तर म्हणे, तुमी ऱ्हाऊ द्या राव, ताई मोकळ्या झाल्या की सांगा.

ताई! त्यांच्या लेकीच्या वयाची आहे. मला इतक्या वर्षांत कोणी नावानेसुद्धा हाक मारली नाही. 'ओ सॉफ्टवेअर' म्हणतात.
मी जळत नाही. छातीत होतंय ती ॲसिडिटी आहे.

२२ ऑक्टोबर, रविवार
तक्रारी बंद करायला बसलो होतो, पण सरांनी हॉलमध्ये मोठा टीव्ही लावला. त्यावर बोर्ड. प्रत्येकाचं नाव आणि पुढे त्याच्याकडे असलेल्या तक्रारींची पट्टी. उद्याची पूजा त्याच्यासमोरच.

माझी पट्टी कुठल्या कुठे पोचलेली. तिची आखूड. ज्याच्याकडे काम जास्त तो माणूस मोठा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सगळे चहाला गेल्यावर तिच्या उरलेल्या तक्रारीही माझ्या नावावर करून घेतल्या. पट्टी टीव्हीच्या कडेला टेकली. फोटो काढून ठेवला.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी
नवा झब्बा. सर्व्हरला झेंडूचा हार, लॅपटॉपना हळदकुंकू. स्वप्नालीने मला विचारलं, सर, माझ्या तक्रारी तुमच्याकडे कशा? म्हटलं, तुझं ओझं हलकं केलं. थँक्यू म्हणाली. तिला ते खरंच वाटलं.

मग भीमराज सर टीव्हीपुढे उभे राहिले. म्हणाले, हे बघा, स्वप्नालीचं एक काम बाकी नाही. आणि हे बघा गणराजचं. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. नारळासाठी हात पुढे केला होता, तो खिशात घातला.

सांगणार होतो. पण काय सांगणार, तिच्या तक्रारी मी चहाच्या वेळात उचलल्या? शेवटी तीच म्हणाली, माझ्या थोड्या गणराज सरांनी घेतल्यात. भीमराज सर आणखीच खूश. म्हणाले, दुसऱ्याकडून काम करून घेता येतं, त्यालाच लीड म्हणतात.

एका फटक्यात फोडला तिने नारळ. खोबऱ्याचा मोठा तुकडा मला दिला. फार वाईट वाटलं. खाल्ला.

२४ ऑक्टोबर, दसरा
सगळ्यांना सुट्टी. ज्याच्याकडे तक्रारी बाकी, त्याला नाही.

गेनूभाऊंच्या गेटवर पुन्हा गाडी अडली. चाकणला जावं लागलं. प्रिंटरची केबल सैल होती, ती बसवली. पास निघाला. माझी पहिली बंद झालेली तक्रार.

गेनूभाऊ धावत आले, माझे दोन्ही हात धरले आणि आपट्याची पानं ठेवली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आजवर कुठल्या गिऱ्हाइकाने मला सोनं दिलं नव्हतं. मी वाकून नमस्कार केला.

ते म्हणाले, ताई लीड झाल्या म्हनं. एवढं सोनं त्यांना पोचवा, लई काम केलंय त्यांनी आमचं.

पोचवेन. एक पान काढून घेतलंय. तेवढं तिला कळणार नाही.