त्यांना बोंग म्हणणारी

२ सप्टेंबर, कर्जत
ह्यांचा व्हिडिओ कॉल. मागून बाईचा आवाज, "बोंग! बोंग!" कोण ती, तर घरमालकीण, बोफा. आणि बोंग म्हणजे? "थोरला भाऊ गं. दादा." बरं. रसायनीच्या कंपनीत एवढी वर्षं काढली, तिथं कुणी दादा म्हटलं नाही. कंबोडियात, नॉम पेनला कापड रंगवायला गेले आणि लगेच दादा.

४ सप्टें.
बोफाचे आजोबा म्हणे रेडिओवर गायचे. त्यांचं तिकडच्या ख्मेर भाषेतलं जुनं गाणं तिने ह्यांना पाठवलं, ह्यांनी मला. आवाज गोड, खोटं कशाला बोलू. लेकीने खालचं इंग्रजी वाचलं. "आई, बोंग म्हंजी लव्हर पन." तिकडे बायको नवऱ्यालाही बोंगच म्हणते! दादाला आणि धन्याला एकच शब्द. कसली मेली भाषा. जेवण गेलं नाही.

७ सप्टें.
बोफा म्हणजे पालीतलं पुप्फ. फूल. सरळ पुष्पाच की! तिकडची वंदना ऐकली यूट्यूबवर. नमो तस्स तेच, नुसते हेल वेगळे. बुद्ध एकच, म्हणून काय नवराही... तिला नवरा नाही, हे आजच कळलं. विहारात पुप्फ म्हणताना जीभ अडखळली.

१४ सप्टें.
तिकडे पूर्वजांचा पंधरवडा चालू आहे. सकाळी ह्यांनी व्हिडिओ पाठवला. पहाटेचा अंधार, विहाराभोवती माणसं फिरतायत, तीळ घातलेल्या भाताचे गोळे जमिनीवर टाकतायत, मेलेल्यांची नावं घेत. बोफाने आजोबांचं घेतलं. पन्नास वर्षांमागे तिकडे जी खुनी राजवट होती, तीत गाणारे, शिकलेले, सगळे उचलून नेले. आजोबा कुठं मेले कुणालाच ठाऊक नाही. बाई रडत होती. मी मेली तिच्या रडण्यावरही जळले.
मग हे दिसले. हातात भाताचा गोळा. "आये" म्हणाले.

१५ सप्टें.
डोकं भणभणतंय. सासूबाई गेल्या त्या वर्षी मी ओट्यावर ताट ठेवलं होतं, भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण, त्यांच्या आवडीचं. हे केवढे तडकले! "पिंडदान करतेस व्हय? आपन बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ना?" ताट उचलायला लावलं. मलाही पटलं तेव्हा, उचललं. सासूबाईंचं शेवटचं सगळं मी केलं. आणि त्यांचं नाव घ्यायला ह्यांना पुष्पा लागली.

१७ सप्टें.
फोनवर सरळच विचारलं. "माज्या ताटाला नाय म्हनलात, तिच्या गोळ्याला हो?"
हे म्हणाले, "हितं मला कोन वळकतंय गं?"
"म्हंजी?"
"तितं मी विहारात भाषन देनारा. हितं निस्ता आयचा पोरगा."
पुष्पाचं विचारायचं राहूनच गेलं. पुढे म्हणाले, कंपनी अजून एक वर्ष थांबा म्हणते. "तू सांग, ऱ्हाऊ का?"
कुकर लावलाय म्हणून फोन ठेवला. कुकर लावलाच नव्हता.

१८ सप्टें.
दिवसभर तेच डोक्यात. ओळखीचं कुणी नसतं तिथं माणूस मोकळा होतो, कबूल. पण ते मोकळं होणं बघायला ती होती. मी नव्हते. माझ्या हक्काचं होतं ते.
'नका राहू' लिहिलं, खोडलं. 'राहा' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी पाठवलं: राहायचं तर राहा. पण पुढल्या वर्षी आईंचं नाव इथं घ्यायचं. आपल्या ओट्यावर, माझ्यासमोर. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.
वाचलंय त्यांनी.