एका खुर्चीच्या विमानाची व्यवस्था

आधी सगळ्यांची खुशाली विचारतो, मरणाचे मागाहून बघू.

धाकटे, तुझी मान कशी आहे? दिवसभर दातांच्या कवळ्यांवर वाकून काम करतेस. अधूनमधून उठून खिडकीबाहेर बघत जा. जावईबापूंचा कोरडा खोकला थांबला का? फोनवर तो मागून ऐकू येतो, आणि मला कळू नये म्हणून ते दार लावून घेतात तेही ऐकू येते. भिंगरीचा पुढचा दात आला असेलच. नसेल तर नातीला म्हणावे, घाई नको, आजोबांचे चार गेले ते अजून आलेले नाहीत. मेहुण्यांचा गुडघा जिना चढू देतो का? आणि त्यांच्या घरच्यांची साखर आटोक्यात आहे ना?

माझे विचाराल तर बरे आहे. ऑपरेशन झालेला डोळा स्वच्छ, दुसरा कामापुरता, हाताला थोडा कंप. डोके ठिकाणावर आहे. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शाळाबाईंनी मला सतराचा पाढा उलटा म्हणायला लावून खात्री करून घेतली आणि लगेच या कागदातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. तरी मी, बस डेपोच्या रंगकाम विभागातून निवृत्त झालेला रंगारी, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दडपण आणायला घरात कोणी नाही. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. जावईबापूंनी याची अंमलबजावणी करावी. घरात हिशेबी माणूस तेवढा एकच आहे.

कलम पहिले, घर. दोन खोल्या, मागची गॅलरी व भिंतीतली कपाटे धाकटीला. ती एकुलती एक, पण तिची आई घरातली थोरली म्हणून ही धाकटी, असे नाव पडले ते पडलेच. घर विकायचे असल्यास खुशाल विकावे, भिंतींना गळ्यात पडून रडू नये. फक्त स्वयंपाकघराचे दार घेणाऱ्याला नीट दाखवावे. त्याला बसगाडीचा पिवळा रंग आहे, सात हातांचा, उन्हापावसाला भीक घालत नाही. हा रंग मी डेपोतून पळवला असे आमचा मुकादम मरेपर्यंत म्हणत होता. फेकायला काढलेल्या डब्यांच्या तळाचा तो रंग होता, हे इथे लेखी नोंदवतो. मुकादम गेला, आरोप त्याच्याबरोबर गेला, दार शाबूत आहे.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते भिंगरीच्या शिक्षणाला. ती शिकली नाही तरी तिलाच.

कलम तिसरे, शिवणयंत्र. हे माझे नव्हेच, त्यामुळे मी ते देऊ शकत नाही. तुझ्या आईने तोंडी सांगून ठेवले होते, जिला पाय चालवता येईल तिचे मशीन. मेहुण्यांच्या घरच्यांनी ते दिवाणखान्यात शोभेला मागितले होते. शोभेला द्यायचे नाही. मागल्या गल्लीतल्या शिवणवर्गाला द्यावे, आणि तेल घालून द्यावे.

कलम चौथे, शिडी. ती मेहुण्यांकडे आहे. कधी नेली ते आता त्यांनाही आठवत नसेल. ती त्यांनाच दिली. मात्र तिची तिसरी पायरी डगमगते, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. माझ्या निवृत्तीच्या समारंभात चारचौघांत ते म्हणाले होते की दाजींना आता खेळणी लागणार. ते मी मनात ठेवलेले नाही, फक्त कागदावर ठेवले आहे.

कलम पाचवे. रंगाची पिचकारी, पॉलिश कागद व मोठे ब्रश डेपोत माझ्या जागी जो कोणी असेल त्याला. बारीक ब्रश भिंगरीला. ब्रश कधी केसांवर उभा ठेवायचा नाही, आडवा ठेवायचा. दमलेल्या माणसाला कोणी डोक्यावर उभे करते का?

कलम सहावे, निळ्या रंगाची डबी. शेजारचे घड्याळवाले आणि मी, आमचे एका गोष्टीवरून बिनसले ते कायमचे. विमानाच्या पोटाचा रंग. ते म्हणतात, खालून बघणाऱ्याला विमान दिसू नये म्हणून पोट आभाळाच्या रंगाचे, आणि आभाळात हिरवट झाक असते. मी म्हणतो, झाक तुमच्या चष्म्यात आहे. ते दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसतात, वर बघतात केव्हा? यावर आम्ही इतक्या संध्याकाळी घालवल्या आहेत की तेवढ्यात दुसरे विमान झाले असते. माझ्याच निळ्याची उरलेली डबी त्यांना मिळावी, अशी माझी तीव्र इच्छा होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकील सांगतात, आणि साक्षीला दोघे लागतात, शाळाबाईंखेरीज मला यांच्याशिवाय दुसरे माणूस नाही. हे त्यांना सांगितले तर म्हणाले, मग आत्ताच द्या की, जिवंत माणसाला द्यायला वकील कशाला लागतो. डबी घेऊन गेले. संध्याकाळी परत येऊन म्हणाले, हिरवट आहे. तेव्हा हे कलम संपले.

कलम सातवे, विमान. इथे जरा बसून वाचा.

मी निवृत्त झालो तेव्हा डेपोने भिंतीवरचे घड्याळ दिले आणि तुझ्या आईने एक खोके दिले. मागल्या महायुद्धातले लढाऊ विमान, सुट्या भागांत, जोडून रंगवायचे. म्हणाली, जन्मभर बसगाड्या रंगवल्यात, आता ताटात मावेल असे काही रंगवा, घरात रंगाचा वास नसला की मला परक्याच्या घरी आल्यासारखे होते. मी खोक्यावरचे चित्र बघून म्हटले, याला बसायला खुर्ची एकच, आपण दोघांनी जायचे कसे? तिचे उत्तर तयार होते. तुम्ही चालवा, मी डबा देऊन घरी थांबते.

थांबली मात्र नाही, शेजारीच बसली. खोक्यातला कागद परक्या भाषेतला, पण शिवणाऱ्या बाईला कागदावरचा बेत वाचता येतो. कुठला तुकडा कशाला लागतो हे ती मला सांगायची. पंखाची शिवण दिसता कामा नये म्हणून मी ती घासून घासून बोट सोलवटून घेतले, आणि ती म्हणाली, याला म्हणतात अस्तर. तुला आम्ही यातले कधी काही सांगितले नाही. फोनवर तुला आमचे रक्तदाब हवे असायचे.

लढाऊ विमान चकचकीत ठेवायचे नसते, हे मला उशिरा कळले. वर हिरव्या-तपकिरी लाटा, खाली निळा, हे तर झालेच. पण धुराच्या नळकांड्यांमागे काजळी हवी, आणि चढताना पाय पडतो तिथे रंग उडालेला हवा. मी जन्मभर ओरखडे झाकून पोट भरले, आता आपल्या हाताने ओरखडे काढायचे? हात उचलेना. तुझी आई म्हणाली, ज्यात कुणी बसलेच नाही अशाला ओरखडे नसतात, यात कुणी बसले होते की नाही ते तुम्ही ठरवा. मग मी चंदेरी पेन्सिल घेतली.

पण खरे घोडे अडले आहे ते काचेशी. चालकाच्या डोक्यावर काचेचा घुमट असतो, त्याला बारीक चौकटी. चौकटींना रंग द्यायचा आणि मधली काच स्वच्छ राहायची, म्हणून एकेका काचेवर चिकटपट्टी कापून लावतात. सगळे रंगकाम झाले, शेवटचा वार्निशचा हात वाळला, की सगळ्यात शेवटी ती पट्टी सोलायची. त्याशिवाय विमान पुरे होत नाही. या पट्ट्या तुझ्या आईने कापल्या. मी तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात होतो. परत आलो तो डोळ्यावर पट्टी, आणि बघतो तर विमानाच्याही डोळ्यांवर पट्टी. घुमट चिकटवून बंद. मी विचारले, आतली खुर्ची रंगवायची राहिली होती ना?

"रंगवली," म्हणाली. "आणि आत आणखी एक गोष्ट केली आहे. टेप काढाल तेव्हा दिसेल. तोवर विचारायचं नाही."

मी विचारले नाही. डोळा उघडल्यावर सगळे रंगकाम उरकले. शेवटचा हात वाळत टाकला होता त्या आठवड्यात तिच्या छातीत कफ धरला, आणि ती दवाखान्यातून परत आली नाही. ते सगळे तुला ठाऊक आहे. वार्निश कधीच वाळले. पट्टी तशीच आहे.

दिवस आपला जातो. सकाळी मी विमानावरची धूळ मऊ ब्रशने काढतो. एकट्याच्या चहाला आधण किती ठेवायचे हे मला अजून जमत नाही, उरतो तो दुपारी पितो. कधी कधी मोठ्याने बोलून बघतो, आवाज आहे का म्हणून. रविवारी तुझा फोन येतो. गोळी घेतली का, जेवलात का, आणि मग इकडे राहायला कधी येता? मी म्हणतो, विमान पुरे झाले की. पुढच्या रविवारी तू विचारतेस, "बाबा, विमान झालं का?" आणि मी म्हणतो, थोडे राहिले आहे. जावईबापू मागून म्हणतात, लढाई संपून जमाना झाला आणि यांचे विमान अजून जमिनीवर. तू हसत नाहीस. तुला कळत असणार, की थोडे म्हणजे एका संध्याकाळचे काम आहे.

मला भीती हाताच्या कंपाची नाही. तिचे मला सांगायचे राहिलेले असे एकच काही शिल्लक आहे, ते त्या काचेखाली आहे. ते बघितले की तिचे बोलणे संपले. म्हणून मी या कलमात असे लिहिले होते: सदर विमान माझ्या पश्चात धाकटीला मिळावे, तिची बोटे आईची आहेत, तिने पट्टी सोलावी व आत काय आहे ते बघावे.

काल घड्याळवाले हा कच्चा मसुदा वाचायला बसले. वाचता वाचता उठले, भिंग डोळ्याला लावून विमानावर वाकले आणि काचेच्या कडा एकेक करून तपासू लागले. मला वाटले, आता पुन्हा निळ्याचे निघणार.

"पट्टी कडेला पिवळी पडली आहे," ते म्हणाले. "गोंद काचेत उतरायला लागलाय. आत्ता काढलीत तर निघेल. तुमच्या मरणाची वाट बघत राहिली, तर काच कायमची आंधळी होईल. मग पोरीच्या हाती काय देणार, बंद डबा?"

मी म्हटले, तसे बोलू नका. ते म्हणाले, मी बोललो नाही तर काय गोंद थांबणार आहे? आणि भिंग खिशात घालून खुर्चीत बसले. 

रात्रभर विचार करून सकाळी बाईंना वर बोलावले आणि त्यांच्यासमोर कलम सातवे स्वतःच्या हाताने रद्द केले. मृत्युपत्र म्हणजे वरातीमागून घोडे. ते तुझ्या हाती पडेल तेव्हा मी सांगायला नसेन आणि काचेतून दिसणारही नाही. म्हणून विमान आता या कागदात नाही. ते मी कोणासाठीही मागे ठेवत नाही. ते माझ्या हयातीतले काम आहे आणि हयातीतच पुरे व्हायचे आहे.

धाकटे, तू ये. तुझी बारीक चिमटी आण, कवळ्यांची. कोमट वाफ दिली की पट्टी सुटते, एका कोपऱ्यातून, घाई न करता. मी दिवा धरीन. आत काय आहे ते मला एकट्याने बघायचे नाही. कदाचित नुसती खुर्चीवर शिवलेली गादी असेल, तिच्या हाताला तेच सुचायचे. काही असो, दोघांनी बघू. आणि विमान पुरे झाले की येतो, असे मी दर रविवारी म्हणत आलो, ते शब्द मी मागे घेतलेले नाहीत. ही ओळ बाईंनी दोनदा वाचली आणि एकही चूक काढली नाही.

बाकीची कलमे एक ते पाच माझ्या पश्चात लागू. सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, समजला.

सही: रंगारी

साक्षीदार पहिले: शेजारचे घड्याळवाले. मजकूर मान्य, पोटाचा रंग अमान्य, असे लिहून सही केली आहे.
साक्षीदार दुसऱ्या: खालच्या मजल्यावरच्या शाळाबाई.

स्थळ: पुढची खोली, खिडकीखालचे टेबल.
दिनांक: ९ मार्च, रविवार.

या कागदाची एक प्रत आजच टपालात टाकतो, वाचायला माझ्या मरणापर्यंत थांबू नकोस. फोनवर मला नीट बोलता येणार नाही, म्हणून कुठल्या गाडीने येतेस ते चार ओळी लिहून कळव. उत्तर लवकर पाठव.