खारूचं खोगीर

११ जानेवारी, शनिवार
या दोन हातांनी आजवर केलेल्या वस्तू: आंघोळीची खुर्ची, न गंजणाऱ्या नळ्यांची. जाड मुठीचा चमचा. मुठीचं माप मेणात घेतलेलं. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक (कंपनीचे काढून फेकले). जिन्यातला बुटका कठडा. सगळं खारूसाठी. कुठल्या कॉलेजात पाय ठेवलेला नाही.

खारू म्हणजे आमची मुलगी. आठ वर्षांची, तोंडाने खारीसारखी चपळ, पाठ मात्र जन्मापासून ढिली. टेकूशिवाय फार वेळ बसता येत नाही. म्हणून दर शनिवारी तबेल्यात नेतो. तिथल्या फिजिओबाई अशा मुलांना घोडीवर बसवतात. घोडी जाडजूड आणि सोशिक, म्हणून मुलं तिला काकू म्हणतात.

आज पहिल्यांदा नीट पाहिलं. काकूच्या पाठीवर नुसती एक घडी घातलेली गोधडी आणि एक पट्टा! खारू त्यावर दोरीवरच्या ओल्या टॉवेलसारखी. दोन्ही बाजूंनी दोन माणसं हात धरून. बघवत नाही.
ठराव: खोगीर मी करणार.

२३ जानेवारी
खोगीर तयार. खांद्यापर्यंत पाठ, तीन जातींचा फोम, छातीला आणि कमरेला पट्टे. शिवण हाताची. ही म्हणाली, अहो, घरात खोगीरभरती काय कमी होती? बायकोला इंजिनिअरिंगचं वावडं.

२५ जानेवारी, शनिवार
ऐतिहासिक दिवस. खारू पट्टीसारखी सरळ! घोडेवाला म्हणाला, साहेब, हे तर सिंहासनच आणलंत. बाईंना शब्द सुचेना. मग सुचले. म्हणाल्या, दादा, ती बसलेली नाही, तुमचं खोगीर बसलंय. काकू चालते तशी हिची कंबर हलली पाहिजे, पडता पडता हिने स्वतःला सावरलं पाहिजे. तेच औषध. काढा ते.
डिग्रीवाल्यांचा मत्सर. अपेक्षित होता.

१ फेब्रुवारी, शनिवार
पुन्हा गोधडी. वळणावर खारू एका अंगाला घसरली. हसत होती, पण घसरली हे सत्य आहे. मी कुंपण ओलांडून ओरडत आत गेलो. काकू बिचकली नाही. खारू बिचकली, आणि रडायला लागली. बाईंनी मला बाहेर काढलं. म्हणाल्या, दादा, तुम्ही डोळे मिटून उभे राहा, पण तिला डुलू द्या.
पोटची पोर पडताना डोळे मिटून उभा राहणारा बाप यांना हवाय!
ठराव: शनिवार बंद. रविवारी बाई नसतात. घोडेवाल्याशी बोललो. भाड्याने काकू, खोगीर आमचं.

९ फेब्रुवारी, रविवार
उत्तम. पाठ ताठ, मान ताठ, फेऱ्या एकदम सुरळीत. खारू गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, बाबा, यात काकू अंगाला लागतच नाही. गरम पण नाही लागत.
म्हणजे फोम चोख काम करतोय.

९ मार्च, रविवार
पट्टा एक भोक आवळला. जरा पुढे झुकते. वाढीचं वय.

१३ एप्रिल, रविवार
मानेसाठी टेकू जोडला. डिझाइन आता परिपूर्ण. हिने विचारलं, आधी मानेला काही लागत नव्हतं ना? प्रगती होते तशा गरजा वाढतात, असं समजावलं.

१४ जून, शनिवार
ही मला न विचारता खारूला बाईंकडे घेऊन निघाली. मीही गेलो, मान खाली घालायला नव्हे, घालायला लावायला. हिवाळ्यात खारू तिथल्या बाकावर एक अख्खं गाणं संपेपर्यंत टेकूशिवाय बसायची. आज बाईंनी हात काढला आणि पहिल्याच ओळीत कलंडली. पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. ती म्हणत होती, बाबा, मी करतेय, खरंच करतेय.
बाक तिरका असणार. लेव्हल लावून पाहिली. बुडबुडा मधोमध. लेव्हल जुनी आहे.
शनिवारची जागा आता दुसऱ्या मुलाला दिलीय. रांग मोठी. बाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२२ जून, रविवार
गेलो नाही. खोगिराला तेलपाणी करायचं होतं.

१४ जुलै
अशा मुलांच्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीचा माणूस घरी आला. बाईंनीच पाठवलेला. इंजिनिअर. खोगीर उलटंपालटं केलं, शिवणीवरून बोट फिरवलं, म्हणाला, असं काम आमच्याकडे कुणाला जमलेलं नाही. हे डिझाइन आम्हाला विकत द्या.
इतक्या वर्षांत हे कुणीतरी बोललं. मी चहा सांगितला. विचारलं, कुणासाठी बनवणार?
म्हणाला, जी मुलं स्वतःहून कधीच बसू शकणार नाहीत त्यांच्यासाठी. त्यांना निदान घोड्यावरून जग तरी दिसेल.
मी म्हणालो, हे मी माझ्या मुलीसाठी केलंय.
तो म्हणाला, हो ना, तेच म्हणतोय.
खारू भिंतीशी उशा लावून होती. सगळं ऐकत होती. मग माझ्याकडे बघायला लागली. हीसुद्धा.
मी म्हणालो, आमची स्वतःहून बसणार आहे. विकायचं नाही.
चार लाख देत होता.