नोंदवहीतलं शेवटचं नाव

४ मार्च
पोचले एकदाची! ताईने दारातच अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. इथं सगळं छान आहे, फक्त तू नाहीस, असं तिने पत्रात लिहिलं होतं. खरंच छान आहे. माडीवरची खोली, खिडकीशी टेबल, खाली अंगणात फळ्यांनी झाकलेली गावाची विहीर. पहिल्या जहाजातून येऊन ही वसाहत वसवणाऱ्या माणसांवर कादंबरी लिहायची म्हणून मी तीन वर्षं नुसती टंगळमंगळ करतेय. आता सबब उरली नाही. भावोजी इथल्या संग्रहालयाचे राखणदार. हवे तेवढे कागद देतो म्हणाले.

५ मार्च
आज मूळ नोंदवही पाहिली. पहिल्या जहाजापासून आजवर गावात राहायला आलेला प्रत्येक जण तिच्यात सही करतो, शेजारी त्याला बोलावणारा. शेवटची सही ताईची, सहा वर्षांपूर्वीची. तिच्याखाली मी झोकात सही ठोकली. बाजूला सही करताना ताईने दोनदा पेन खाली ठेवलं. लग्नातही तुझी अशीच गत झाली होती, म्हणून मी चिडवलं. ती हसली नाही.

९ मार्च
जुन्या कागदांत घबाड सापडलं! विहीर आटली की पाणी परत यावं म्हणून पहिली माणसं सर्वांत शेवटी आलेल्याला तिच्यात सोडायची. मी लगेच दोन बहिणी रचल्या. थोरली धाकटीला बोलावून घेते, पण वेळ येते तेव्हा तिच्या जागी स्वतः उतरते. वाचून दाखवलं तर ताई मध्येच उठून गेली. भावोजी म्हणाले, शेवट खरा वाटत नाही. यांना काय कळतंय लिहिण्यातलं!

१२ मार्च
नळ कोरडा. विहिरीवरचा पंप नुसता घरघरतोय. वाणी आणि मास्तर अंगणात आले होते. माझ्याशी फार गोड बोलले.

१३ मार्च
पहिल्या वस्तीतल्या एका बाईचं धाकट्या बहिणीला लिहिलेलं पत्र मिळालं. इथं सगळं छान आहे, फक्त तू नाहीस. शब्द न शब्द तोच. धावत जाऊन नोंदवही उघडली. त्या धाकट्या बहिणीच्या नावावर लाल रेघ. पुढेही अशा रेघा, अगदी ताई येण्याच्या आधीपर्यंत. ताईच्या नावावर नाही. सहा वर्षं ती शेवटची होती. आता मी आहे.

१४ मार्च
ताईला विचारलं. नाही म्हणाली नाही. आधी दुसऱ्या कोणाला लिहिलंस का, विचारलं. तर म्हणाली, नाही, थेट तुलाच. मी हाक मारली की तू येतेसच, म्हणून. माझी ताई! विहिरीची भीती नंतर वाटली. आधी रडू आलं. दाराला बाहेरून कुलूप आहे.

१५ मार्च, सकाळ
फळ्या काढताहेत — वाणी, मास्तर, सगळे — भावोजींच्या हातात वही —

ताई जिना चढतेय. एकटीच. कदाचित माझ्या गोष्टीतल्यासारखं — कदाचित ती —

कुलूप उघडलं. चिमे, चल, म्हणतेय. लहानपणी खेळायला बोलवायची ना, अगदी तश्शीच — आणि मी उठलेय — का उठले मी — माझे पाय —