माऊलीच्या गाडीचं हँडल

प्रिय अर्पिता,

तुझं लग्न ठरल्याचं तुझ्या वडलांनी, साहेबरावांनी फोनवर सांगितलं. त्याच्याकडं येतो. आधी गाडीचं सांगतो, कारण फोनवर मला काही बोलता येत न्हाई, हॅलो म्हणलं की फोन तुझ्या सासूकडं, उषाकडं देतो. म्हणून लिहून राह्यलो.

माऊलीच्या मोटारसायकलचं हँडल बदललं. तो गेल्यापासून गाडी गोठ्याच्या कडेला झाकून ठेवल्ती. साहेबरावांचा फोन झाला आन् दुसऱ्या दिवशी मी ती बाहेर काढली. पण ते खालचं हँडल! आपल्या पोराला गाडीवर वाकून बसायची भारी हौस. तू म्हणायचीस, हे गाडी चालवतात का भुईमूग उपटतात. माझी कंबर काही तसली न्हाई. केदारखेड्याहून राजूरला गेलो तेवढ्यात दोन्ही हात बधीर. चहाचा कप धरला तर गरम का गार ते कळंना. खरं सांगू, हातांचंच असं न्हाई. पोरगा गेला तरी मला अजून रडू आलं न्हाई. लोक म्हणतात आबा खंबीर आहेत. कशाचा खंबीर, नुसता बसून असतो.

राजूरच्या बबलू मिस्त्रीनं एकच विचारलं, किती लांब जायचंय? गावातल्या गावात असलं तर आहे तेच राहू द्या, लांबचं असलं तर उंच टाकू, पाठ ताठ राहते. मी म्हणलं, लांब. कुठं, ते सांगितलं न्हाई. मंग त्यानं मला गाडीवर बसवून डोळे मिटायला लावले. म्हणला, हात पुढं करा, जिथं आपोआप थांबतील तिथं मुठी आणू. मी हात केले तर तो हसायलाच लागला. काका, एवढं उंच हँडल दुनियेत कुठल्या गाडीला नसतं. डोळे उघडले तर हात पार वर, खांद्याच्या उंचीला. त्या गाडीवर मी कायम मागंच बसलो ना, माऊलीच्या खांद्यांवर हात ठेवून. दुसऱ्यांदा डोळे उघडे ठेवून माप दिलं. नव्या हँडलला जुन्या वायरी पुरंनात, त्याही लांब टाकल्या. आता बराबर बसता येतं.

तर लग्नाचं. साहेबरावांनी तारीख सांगितली, या असं म्हणले न्हाईत. त्यांचं चूक न्हाई. भावकीही म्हणते, सून दुसऱ्या घरी जाताना पहिल्या सासऱ्यानं तोंड दाखवू नये. उषानं मात्र तुझ्यासाठी साडी आणून ठेवली. आम्हाला यायचंय गं. घनसावंगीला, त्याच्याच गाडीवर, दोघांनी. मांडवात मागं उभं राहून अक्षता टाकू, जेवायला थांबणार न्हाई. तुला नको वाटलं तर तसं कळव, मला बिलकुल वाईट वाटणार न्हाई. न्हाई, वाटेल. पण ते आमचं आम्ही बघू. ये म्हणलीस तर पहाटेच निघू. नको म्हणलीस तर त्या दिवशी राजूरच्या गणपतीपुढं तुझ्या नावानं नारळ फोडू आन् माघारी येऊ. हँडल तेवढ्यालाही चालतंय.

अजूनही तुझाच,
आबा